न वाढणाऱ्या साखळ्या

आबांचा फोन आला तेव्हा आईचे हात कणकेत होते, म्हणून तो मी घेतला. "शालू," आबा म्हणाले, "आईला सांग, माझा चष्मा वाढला." मी आईला सांगितलं. आईनं काळजीनं विचारलं, किती वाढला? मी तोच प्रश्न आबांना विचारला. आबा जरा विचार करून म्हणाले, "मधोमध."

आता चष्म्याचा नंबर मधोमध कसा वाढतो, हे ना मला कळलं ना आईला. आईनं तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन टाकली. संध्याकाळी बाबा घरी आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. चष्म्याचे दोन तुकडे झाले होते, एवढीच गोष्ट होती. आबा असंच बोलतात, बाबा म्हणाले, तुम्हाला अजून कसं कळत नाही? आईच्या माहेरी कुणी असं बोलत नाही, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती फसते. मी फसते, कारण मी कुठल्याही गोष्टीनं चटकन गोंधळते. हजेरीपटावर माझं नाव शाल्मली कासार असं आहे, पण वर्गात सगळे मला प्रश्नचिन्ह म्हणतात.

तर मे महिन्याच्या सुट्टीत नवा चष्मा घेऊन मला आबांकडे धाडण्यात आलं.

आबा म्हणजे माझे आजोबा, डॉ. विद्याधर कासार. भीमातीर विद्यापीठात त्यांनी जन्मभर ज्वारीचा अभ्यास केला. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसून पेपर वाचतात. आबांनी विद्यापीठाच्या माळरानावरच्या केंद्रात एक खोली मागून घेतली आणि ते पुन्हा कामाला लागले. हे केंद्र सोलापूरच्याही पुढे आहे. मला घेऊन गेलेल्या बसला चालक नव्हता, ती आपली आपणच चालत होती. उकाडा मात्र पूर्वीइतकाच होता.

उतरल्या उतरल्या माझ्या पायाला धसकट लागलं आणि मला ब्रह्मांड आठवलं. ज्वारी काढल्यावर ताटांचे जे टोकदार बुडखे शेतात राहतात ना, ती धसकटं. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. बरेच शेतकरी ती उपटून बांधावर पेटवून देतात. आबांना या धसकटांपासून इथेनॉल (पाण्यासारखं दिसणारं, पण पेट घेणारं द्रव इंधन) बनवायचं होतं. इथेनॉल दाण्यापासूनही बनतं आणि जास्त सहज बनतं, पण आबांना ते मान्य नव्हतं. "दाणा आपल्या भाकरीला, कडबा गुरांना," ते म्हणायचे, "धसकट कुणालाच नको असतं, म्हणून ते मी घेतलं."

केंद्रात पोलादी रंगाच्या तीन उंच टाक्या होत्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक यंत्रमानव होता. त्याचं कारखान्यातलं नाव लांबलचक आणि आकड्यांनी भरलेलं होतं. सगळे त्याला मुकादम म्हणत, कारण तो दिवसभर उभा राहून इतरांच्या कामावर नजर ठेवायचा. कपाटाएवढा उंच, खाली चाकं आणि दोन लांब हात. मराठी तो शब्दकोश आणि सरकारी परिपत्रकं वाचून शिकला होता, आणि बोलायचाही तसंच.

पहिल्याच सकाळी आबांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला घेऊन ते दुसऱ्या टाकीपाशी गेले. त्यांनी मुकादमला विचारलं, "काय रे, साखळ्या वाढल्या का?"

"नाही," मुकादम म्हणाला. "साखळ्या अद्याप वाढलेल्या नाहीत. प्रयत्न सुरू आहेत."

आबांचा चेहरा पडला. "अजून जोर लाव. वाढल्याच पाहिजेत."

"आज्ञा मान्य. अधिक दक्षता घेण्यात येईल."

टाकीत कसल्या तरी साखळ्या वेलासारख्या वाढवायला ठेवल्या आहेत आणि त्या काही केल्या वाढत नाहीत, असं मी समजले. धसकटाच्या टाकीत साखळ्या कुठून आल्या, हे काही कळलं नाही. पण आबा इतके खट्टू दिसत होते की मी विचारलं नाही. माझ्यासारखीनं प्रश्न गिळणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

दुपारी जेवायला बसलो. पिठलं होतं, भाकरी होती, कांदा होता. आबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "चल शालू, वाढ." मी भाकरीला हात घालणार, तेवढ्यात टाक्यांचे आकडे सांगायला आलेला मुकादम दारात थबकला. त्यानं माझ्याकडे वळून डोळ्यांतला निळा दिवा माझ्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवला.

"शाल्मली यांना वाढण्यास अजून पाच-सहा वर्षे लागतील," तो म्हणाला. "तोपर्यंत भोजन थांबवावे का?"

मला ठसकाच लागला. आबांनी हात हलवून त्याला जायला सांगितलं. एरवी ते खळखळून हसले असते, पण त्या दिवशी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली.

ते असे का वागताहेत, हे मला निलोफरताईनं सांगितलं. डॉ. निलोफर मुजावर ही आबांची जुनी विद्यार्थिनी, आता केंद्राची प्रमुख. तिसरी टाकी तिच्या ताब्यात होती. दुपारी ती मला टाक्यांच्या सावलीत घेऊन बसली. विद्यापीठाची समिती पुढच्या आठवड्यात येणार होती. तोपर्यंत धसकटातून इंधन निघालं नाही, तर हा प्रयोग बंद होणार आणि याच टाक्यांमध्ये ज्वारीचा दाणा भरला जाणार. म्हणजे भाकरीच्या ज्वारीचं इंधन. दोन खेपा वाया गेल्या होत्या, तिसरी टाकीत होती. आणि गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की हाच प्रयोग आबांनी हातानं लहान बरणीत केला तेव्हा तो झकास जमला होता.

"पण टाकीत नक्की करायचं काय असतं?" मी शेवटी विचारलंच.

ताईनं डब्यातला भाकरीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि तो गिळायचा नाही, नुसता चावत राहायचा, असं सांगितलं. मी चावत राहिले. आधी भाकरी भाकरीसारखीच लागली. मग जबडा दुखायला लागला. मग हळूहळू तोंडात चक्क गोडवा आला. भाकरीत साखर घातली होती का, असं मी भरल्या तोंडानं विचारलं.

साखर घातली नव्हती, ती भाकरीतच होती, ताई म्हणाली. ज्वारीच्या दाण्यात स्टार्च (पिठाचा मुख्य पदार्थ) असतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. मण्यांची माळ समज. माळ अख्खी असते तोवर जिभेला गोड लागत नाही. आपल्या लाळेत एक विकर (सजीवांच्या शरीरात तयार होणारा आणि एखादं ठरावीक काम झपाट्यानं उरकणारा पदार्थ) असतं. ते माळ तोडत जातं, मणी सुटे होतात, आणि सुटा मणी जिभेला लागला की गोड.

मग तिनं मला एक धुतलेलं धसकट चावायला दिलं. मी चावलं. गोड सोडा, हिरडीत कुसळ मात्र गेलं. ताई म्हणाली, यातही साखरेचेच मणी आहेत, आणि भरपूर आहेत. पण ते निराळ्या तऱ्हेनं ओवलेले आहेत. या माळेचं नाव सेल्युलोज (झाडाच्या अंगाला ताठपणा देणारा पदार्थ). आपल्या लाळेतलं विकर या माळेला चालत नाही, एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही तसं. गाईला कडबा पचतो, कारण तिच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बरोबर किल्ली असते. तसंच विकर सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेऊन ते इथं वापरतात.

आता मला टाक्या कळायला लागल्या. पहिल्या टाकीत धसकटांचा भुगा वाफेवर शिजवतात, म्हणजे तो फुलतो आणि आतल्या माळा मोकळ्या होतात. दुसऱ्या टाकीत विकर सोडतात, ते माळा तोडतं आणि साखरेचं पाणी तयार होतं. तिसऱ्या टाकीत यीस्ट (डोळ्यांना न दिसणारी, एकाच पेशीची बुरशी, पाव फुगवते तीच) असतं. ते साखर खातं, आणि टाकीत हवा नसेल तर साखरेपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड वायू बनवतं. याला किण्वन (सूक्ष्मजीवांनी साखर आंबवणं) म्हणतात. शेवटी ते पाणी तापवायचं. इथेनॉल पाण्याच्या आधी उकळतं, म्हणून त्याची वाफ वेगळी पकडून थंड केली की इंधन हाती येतं.

"यीस्टला अख्खी माळ का खाता येत नाही?" मी विचारलं.

"त्याचं तोंड एवढंसं. त्याला सुटा मणीच लागतो. म्हणून दुसऱ्या टाकीत साखळ्या तुटल्या नाहीत, तर माझ्या टाकीतलं यीस्ट उपाशी. दोन्ही वेळा तेच झालं. विकर वेळेवर टाकीत पडलं, तशी नोंद आहे. टाकीतली ऊब बरोबर आहे. तरी साखर शून्य."

मी दुसऱ्या टाकीखाली वाकून बघितलं. आमच्या ओट्यावर साखरेचा एक दाणा सांडला तरी मुंग्यांची फौज हजर होते. इथं तोटीतून थेंब थेंब गळत होतं आणि एकही मुंगी नव्हती. मी तसं म्हटलं, तर ताई उदास हसली. मुंग्यांनाही कळलंय, ती म्हणाली.

आणि मग माझ्या डोक्यात गुंता झाला. साखळ्या तुटायला हव्यात असं ताई म्हणते. साखळ्या वाढायला हव्यात असं सकाळी आबा म्हणाले. दोघं एकाच टाकीबद्दल बोलतात आणि दोघांना उलट्या गोष्टी हव्यात, मग बिचाऱ्या टाकीनं करायचं काय? मी हे विचारलं तेव्हा ताईला हसू आवरेना.

आबांच्या भाषेत वाढणं म्हणजे तुटणं, तिनं सांगितलं. आबांची आई, माझी पणजी, बाजारात बांगड्या भरायची. आम्ही कासार ना. बांगडी हे सौभाग्याचं लेणं, म्हणून ती फुटली असं कुणी म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतात. नारळही फोडत नाहीत, वाढवतात. इतर घरांत हा शब्द कधीमधी लागतो. कासाराच्या घरात काच रोजच फुटते, त्यामुळे तिथं तो दिवसभर चालतो. आबा लहानपणी 'फुटलं', 'तुटलं' असं काही बोलले की त्यांची आई त्यांच्या ओठांवर बोट ठेवायची. पुढे ते शिकले, मोठे झाले, पण त्यांच्या तोंडी कपही वाढतो, पाटीही वाढते आणि चष्माही मधोमध वाढतो. "आम्हाला आता ते ऐकूही येत नाही," ताई म्हणाली. "ते वाढव म्हणाले की आम्ही तोड असंच ऐकतो."

चला, एक कोडं सुटलं. पण साखर का होत नाही, हे कोडं होतं तिथंच होतं.

तिसरी खेपही वाया गेली. मुकादमनं येऊन सांगितलं, साखळ्या वाढलेल्या नाहीत, प्रयत्नांत कसूर नाही. आबा टाकीच्या पायरीवर बसले. मी शेजारी जाऊन बसले.

"माझंच कुठंतरी चुकतंय, शालू," ते म्हणाले. "बरणीत जमलं म्हणून मी सगळ्यांना शब्द देऊन बसलो. आता या टाक्यांत भाकरीची ज्वारी पडणार, आणि ती माझ्या हातानं पडणार."

आबांना मी कधी असं बघितलं नव्हतं. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे नेहमी प्रश्नच असतात, उत्तरं नसतात.

समिती येण्याआधी एक शेवटची खेप भरता येत होती. ताई म्हणाली, सर, भरूया, हातावर हात धरून बसण्यापेक्षा बरं. आबा नको नको म्हणत उठले. विद्यापीठाच्या कोकणातल्या केंद्रातून कुणीतरी पाठवलेला एक नारळ खोलीत पडून होता, अजून सालीसकट. आबांनी तो आणून मुकादमच्या हातात दिला. "एवढा नारळ वाढव, मग सुरुवात करू," ते म्हणाले, आणि पहिल्या टाकीचं झाकण बघायला गेले.

मुकादम नारळ घेऊन बाहेर गेला. आम्ही वाट बघत राहिलो. साल सोलायला वेळ लागत असेल, असं वाटलं. मग ताई वैतागली, आणि तो कुठं उलथलाय ते बघायला मी धावले.

पाण्याच्या टाकीमागे, जिथं कायम ओल असते तिथं, मुकादम वाकून उभा होता. त्यानं जमिनीत छान खड्डा केला होता, त्यात नारळ आडवा ठेवला होता, अर्धा मातीनं झाकला होता आणि झारीनं तो वर पाणी घालत होता.

"हे काय करतोयस?" मी विचारलं.

"नारळ वाढवण्याचे काम सुरू आहे," तो म्हणाला. "पूर्ण वाढीस सात ते आठ वर्षे लागतील. तोपर्यंत प्रयोग थांबवावा का?"

मी इतकी हसले की खालीच बसले. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग माझं हसू मध्येच थांबलं. आबांची भाषा ताईला माहीत होती, बाबांना माहीत होती, आता मलाही माहीत झाली होती. मुकादमला ती कुणी शिकवली होती?

"मुकादम," मी विचारलं, "वाढवणं म्हणजे काय?"

"वाढवणे. मोठे करणे, लांब करणे, संख्या अधिक करणे."

"मग आबांनी तुला साखळ्या वाढवायला सांगितलं, त्याचा अर्थ काय?"

"साखळ्या लांब करणे. ते शक्य नसल्यास निदान त्या तुटू न देणे."

मी उठून उभी राहिले. "आणि विकर तर साखळ्या तोडतं."

"बरोबर. विकर साखळ्यांना घातक आहे. परंतु कामाच्या लेखी क्रमात विकर टाकीत सोडणे आवश्यक आहे. लेखी क्रम आणि तोंडी आज्ञा दोन्ही पाळण्यासाठी विकर नळीतच उकळून निष्क्रिय (काम करू न शकणारे) केले जाते. नंतर ते टाकीत सोडले जाते. डॉ. कासार यांनी अधिक जोर लावण्यास सांगितल्यापासून ते दोनदा उकळले जाते."

मी धसकटांतून धावत सुटले. पायाला किती लागली ते नंतर कळलं. धापा टाकत मी आबांना आणि ताईला सगळं सांगितलं. आधी नारळ सांगितला, मग साखळ्या सांगितल्या, मग पुन्हा नारळ. ताईनं मला मध्येच थांबवलं.

"उकळलं?" ती म्हणाली. "विकर उकळलं?"

विकराचं सगळं काम त्याच्या आकारावर चालतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. किल्लीचे दाते असतात तसा त्याचा आकार असतो. फार तापवलं की तो आकार बिघडतो आणि मग पुन्हा जुळत नाही. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून कच्चं होतं का, तसंच. नोंदीत लिहिलं होतं, विकर सोडलं. ते खरंच होतं. फक्त मेलेलं विकर सोडलं, असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

आणि हे सगळं कशामुळे झालं, तर चष्म्यामुळे. पूर्वी आबा मुकादमला पडद्यावरची बटणं दाबून काम सांगायचे, आणि त्या बटणावर 'विघटन' (मोठ्या पदार्थाचे लहान भाग करणं) असं छापलेलं होतं. टाक्या सुरू व्हायच्या सुमाराला चष्मा वाढला. बटणं दिसेनात, म्हणून आबा तोंडानं काम सांगायला लागले, आणि नवा चष्मा आला तरी तीच सवय राहिली.

आबा खदखदून हसायला लागले. इतके दिवसांचं साठलेलं हसू होतं ते. हसता हसता नवा चष्मा नाकावरून घसरून मातीत पडला. मी झटकन उचलून बघितला. वाढला नव्हता.

"शालू, जा," डोळे पुसत ते म्हणाले, "सांग त्याला काय करायचं ते."

मी मुकादमसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "साखळ्या तोड." पण मुकादम हलला नाही. आधीची आज्ञा डॉ. कासार यांची आहे, तो म्हणाला, ती त्यांनीच बदलणे नियमानुसार आवश्यक आहे. आता ताई आबांकडे बघायला लागली, मी पण बघायला लागले.

आबा पुढे आले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. जन्मभर जो शब्द उच्चारला नाही तो जिभेवर येईना. ताईनं बटणाकडे बोट दाखवलं, म्हणाली, सर, तेच दाबा ना. आबांनी मान हलवली. तोंडानं घातलेला गोंधळ आपण तोंडानंच निस्तरणार, असं त्यांचं म्हणणं.

"मुकादम," ते अगदी हळू म्हणाले, "साखळ्या... तोड." आणि त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"आज्ञा स्पष्ट आहे," मुकादम म्हणाला. "पूर्वीच का दिली नाही?"

शेवटची खेप भरली. त्या दिवशी कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. ताई दर थोड्या वेळानं साखर मोजायचं यंत्र घेऊन जायची, आणि आबा ती परत यायच्या आत तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड न धुताच दुसऱ्या टाकीपाशी गेले. तोटीखाली गळलेल्या थेंबाभोवती काळं काहीतरी हलत होतं. मी वाकून बघितलं, आणि मग आबांना जी हाक मारली ती सगळ्या केंद्राला ऐकू गेली असेल.

मुंग्या आल्या होत्या. भिंतीच्या फटीतून निघून तोटीपर्यंत त्यांची रांग लागली होती.

"टाकीखाली कीटक आढळले आहेत," मुकादम म्हणाला. "हटवावेत का?"

"खबरदार," आबा म्हणाले. "पाहुणे आहेत ते."

त्या रात्रीपासून ताईच्या टाकीत बुडबुडे यायला लागले. टाकीला कान लावला की आत बारीक चुरचुर ऐकू यायची. यीस्टचं जेवण चाललं होतं, पोटभर वाढलेलं. मी हे म्हटलं तेव्हा मुकादमनं 'वाढलेलं' म्हणजे काय असं विचारलं. मी त्याला समोर उभं करून शिकवलं. वय वाढतं, बांगडी वाढते, पान वाढतात. तीन वेगळे अर्थ आहेत आणि कुठला कुठं घ्यायचा ते माणसाकडे बघून ठरवायचं. मराठी फार गोंधळाची भाषा आहे, असं शेवटी त्यानं मत दिलं. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

समिती आली तेव्हा ताईनं काचेच्या भांड्यात पाण्यासारखं स्वच्छ इथेनॉल समोर ठेवलं. केंद्राच्या ट्रॅक्टरचं इंजिन या इंधनासाठी मुद्दाम बदललेलं होतं. त्यात ते घातलं, आणि ज्या शेतातली धसकटं होती त्याच शेतात ट्रॅक्टर धडधडत फिरला. समितीतल्या एका बाईंनी खडा सवाल केला. इंधन जाळलं की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच, मग उपयोग काय? तो या ज्वारीनं याच हंगामात हवेतून घेतला होता, तोच परत जातो, ताई म्हणाली. पेट्रोल जाळलं की कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला कार्बन वर येतो. पण म्हणून आमचा हिशेब शून्य नाही, वाफ करायलाही इंधन लागतंच, तेही तिनं सांगून टाकलं. साखर काढून उरलेला चोथा जाळून ती वाफ करायचा त्यांचा विचार होता. आबा म्हणाले, आणि शेतातली सगळी धसकटं आम्ही उचलणार नाही, काही मातीला ठेवणार, तिलाही जेवावं लागतं.

समितीनं आणखी एका वर्षाची मुदत दिली. दाणा भाकरीला राहिला.

निघायच्या दिवशी मुकादमनं आबांना एक शंका विचारली. एक साखळी तोडली असता साखरेच्या सुट्या मण्यांची संख्या वाढते, तर मग मूळ आज्ञा चुकीची होती असे म्हणता येईल काय? आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बसची वेळ झाली म्हणाले. मी ती शंका अजून डोक्यात घोळवते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. आता दोन टाक्या नव्या आल्या होत्या आणि गावातले लोक धसकटं पेटवण्याऐवजी बैलगाडीतून आणून द्यायला लागले होते. आम्ही फराळाला बसलो होतो. तेवढ्यात मुकादम दारात आला.

"डॉ. कासार," तो म्हणाला, "नारळ वाढला."

आबा ताडकन उठले. कुणी वाढवला, कुणाच्या डोक्यात तर नाही ना पडला, असं म्हणत ते अनवाणीच बाहेर धावले आणि मी त्यांच्या मागे. पाण्याच्या टाकीमागे कुणीच नव्हतं. ओल्या मातीत अर्धा बुडालेला नारळ तसाच होता, आणि त्याच्या टोकातून एक हिरवागार, टोकदार कोंब वर आला होता.

आबा खाली बसले. त्यांनी कोंबाला बोटाच्या टोकानं हलकेच शिवून बघितलं.

"वाढला की रे," ते म्हणाले.

आणि त्या शब्दाचा अर्थ आम्हा तिघांनाही पहिल्यांदाच एकच कळला.